सात शब्दांना एकच ‘बंदी’ : इंग्रजी शब्दसंग्रहाच्या ॲपचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात या ॲपकडे केलेली माझी तिसरी तक्रार ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली, आणि ज्या कार्डाबद्दल ती तक्रार होती तेच कार्ड त्या संध्याकाळी उजळणीत पुन्हा समोर आले. वर इंग्रजी शब्द ‘एम्बार्गो’, खाली त्याचा मराठी अर्थ ‘बंदी’. आठ महिने हे ॲप रोज वापरल्यावर त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. या कार्डाने मला लिहायला बसवले. विषयवार संच, कार्डे, ठरावीक दिवसांनी येणारी उजळणी ही रचना आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. माझा अनुभव मुख्यतः ‘माध्यमे, सेन्सॉरशिप आणि सामाजिक प्रश्न’ या एका संचाचा आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी माध्यमातून राज्यशास्त्र शिकवते. राज्यघटनेतला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९, आणीबाणी, वृत्तपत्रस्वातंत्र्य हे विषय मी वर्षानुवर्षे फळ्यावर मांडत आले आहे, त्यामुळे माझ्याकडे कल्पनांची उणीव नव्हती, इंग्रजी शब्दांची होती. मूळ वर्गणी वर्षाला २,४०० रुपये आणि ‘मराठी अर्थांसह’ हवे असेल तर आणखी ६०० रुपये. परीक्षेचेच शुल्क सतरा-अठरा हजारांच्या घरात असताना हे सहाशे रुपये मी दोन दिवस विचार करून भरले, आणि माझी सगळी तक्रार त्या सहाशे रुपयांपाशीच आहे.

या संचात बॅन, सेन्सॉरशिप, सप्रेशन, गॅग ऑर्डर, एम्बार्गो, ब्लॅकआउट आणि टेकडाउन या सात शब्दांना मराठी अर्थ एकच दिला आहे : बंदी. पहिल्या महिन्यात हे माझ्या लक्षातही आले नाही, कारण उजळणीत बरोबर उत्तराची हिरवी खूण भराभर मिळत होती आणि प्रगती होत असल्याचे समाधान वाटत होते. वस्तुतः मी सात शब्द शिकत नव्हते, एकाच शब्दाची सात टोपणनावे पाठ करत होते. सरकारने एखादे पुस्तक विकायला मनाई केली तर ती बंदी. छापण्यापूर्वी अधिकाऱ्याने मजकूर तपासून त्यातला काही भाग काढायला लावला तर ती सेन्सॉरशिप. तिथे वृत्तपत्र निघते, पण कात्री लागून निघते. न्यायालयाने एखाद्या खटल्याविषयी जाहीर बोलण्यास किंवा छापण्यास मज्जाव केला तर ती गॅग ऑर्डर, म्हणजे आपल्याकडचा मनाई हुकूमच. एम्बार्गोमध्ये तर बातमी दडपण्याचा हेतूच नसतो. ‘अमुक वेळेपर्यंत प्रसिद्ध करू नये’ एवढीच अट घालून मजकूर पत्रकारांच्या हाती आगाऊ दिलेला असतो. सप्रेशन म्हणजे माहिती दडपून टाकणे, ब्लॅकआउट म्हणजे बातम्यांचा पुरवठाच थांबवणे आणि टेकडाउन म्हणजे संकेतस्थळावर आधीच प्रसिद्ध झालेली गोष्ट उतरवायला लावणे. यांतल्या प्रत्येक शब्दात कोण रोखतो, केव्हा रोखतो आणि किती रोखतो हे वेगळे आहे, आणि या विषयावरचा सगळा वाद त्या तीन प्रश्नांवरच चालतो.

मराठीत यासाठी शब्द नाहीत असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. मनाई, मज्जाव, निर्बंध, गळचेपी, मुस्कटदाबी, प्रसिद्धिपूर्व तपासणी, दडपून टाकणे, कात्री लावणे, वगळणे, जप्ती हे शब्द आपण रोज वाचतो आणि यांतला एकही दुसऱ्याची जागा जशीच्या तशी घेत नाही. ‘वाजवी निर्बंध’ यातला ‘वाजवी’ हा एक शब्द १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करताना अनुच्छेद १९ च्या दुसऱ्या खंडात मुद्दाम घालावा लागला, कारण त्या शब्दामुळेच निर्बंध योग्य आहे की नाही हे न्यायालयाला तपासता येते. ज्या विषयात एका विशेषणाचे इतके वजन आहे, तिथे सात नामांना एकच अर्थ देणे मला क्षुल्लक चूक वाटत नाही.

या चुकीची किंमत मला सराव परीक्षेत कळली. वृत्तमाध्यमांवर सरकारचे नियंत्रण असावे का, असा प्रश्न होता. चाळीस मिनिटे, किमान अडीचशे शब्द. मी उत्साहाने आणीबाणीचे उदाहरण घेतले आणि लिहिले की, १९७५ मध्ये सरकारने वृत्तपत्रे ‘बॅन’ केली. शिकवणीच्या बाईंनी त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली, वही माझ्याकडे वळवली आणि शांतपणे विचारले, “मग एकवीस महिने लोकांच्या दारात पेपर पडतच नव्हता का?” मला काय उत्तर द्यावे हे सुचेना. पेपर पडत होता, हे मीच वर्गात सांगते. मजकूर आधी तपासायला द्यावा लागत होता, काही वृत्तपत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, हेही सांगते. ती कोरी जागा वाचकांना दिसली, कारण अंक छापून घरी आला होता. मला जे मराठीत स्वच्छ माहीत होते ते इंग्रजीत लिहिताना खोटे झाले, आणि ते माझ्या अज्ञानामुळे नव्हे, तर ‘बंदी’ वाचल्यावर हाताला पहिला शब्द ‘बॅन’ आला म्हणून. ‘प्री-सेन्सॉरशिप’ हा नेमका शब्द त्याच संचात होता. त्याचा अर्थ ‘आधी बंदी’ असा दिलेला असल्यामुळे मी तो निरुपयोगी समजून मागे टाकला होता.

त्या दिवशी घरी येऊन मी पहिली तक्रार लिहिली. नऊ दिवसांनी उत्तर आले की, अर्थ शब्दकोशावरून पडताळलेला आहे. दुसऱ्या तक्रारीत मी सातही शब्द, प्रत्येकाचे वाक्य आणि मला योग्य वाटणारा मराठी पर्याय असा तक्ताच पाठवला. त्यावर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढे एक वाक्य मिळाले. तिसऱ्या तक्रारीचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. चूक होणे मी समजू शकते. मराठी अर्थांसाठी वेगळे पैसे घेणाऱ्यांकडे मराठी वाचून उत्तर देणारे कोणी नसावे, हे मात्र मला पटत नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी तिसऱ्या महिन्यात लिहिला असता तर ‘घेऊ नका’ असे सांगून थांबले असते. तसे झाले नाही, याचे कारण अपघाताने घडले. चौथ्या महिन्यात एका अद्ययावतीकरणानंतर मराठी अर्थ आपोआप बंद झाले आणि ते पुन्हा सुरू करण्याची सोय मला दोन दिवस सापडली नाही. त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा कार्डांच्या मागची इंग्रजी वाक्ये नीट वाचली. ती वाक्ये उत्तम आहेत. कोणता शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर येतो, हे त्यांतून जसे कळते तसे मला कोणत्याही पुस्तकातून कळले नव्हते. एम्बार्गो ‘लिफ्ट’ होतो किंवा ‘ब्रेक’ केला जातो, सेन्सॉरशिप ‘इम्पोज’ होते, मजकूर ‘रिडॅक्ट’ होतो. हा शेवटचा शब्द तर मी कधीच विसरणार नाही, कारण माहिती अधिकारात मिळालेला एक कागद आमच्या घरी आहे आणि त्यातल्या चार ओळींवर जाड काळी शाई फिरवलेली आहे. त्या ओळींना काय म्हणायचे ते मला इतकी वर्षे माहीत नव्हते.

सर्वात मोठा आनंद एका तीन शब्दांच्या गटाने दिला : डिस्कशन, ॲडव्होकसी आणि इन्साइटमेंट. चर्चा, पुरस्कार (म्हणजे एखाद्या मताची बाजू मांडणे) आणि चिथावणी. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा ठरवणारे कलम ६६ अ रद्द केले, तेव्हा याच तीन शब्दांमध्ये रेषा आखली होती : चर्चा आणि पुरस्कार, मग ते कितीही अप्रिय असोत, अभिव्यक्तीच्या गाभ्यात येतात आणि चिथावणीच्या टप्प्याला पोहोचल्यावरच निर्बंधाचा प्रश्न उद्भवतो. त्या प्रकरणाची सुरुवात आपल्या पालघरमधून झाली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एकीने फेसबुकवर लिहिल्यामुळे आणि दुसरीने ते ‘लाइक’ केल्यामुळे दोन तरुणींना अटक झाली होती. कलमात ‘ॲनॉयन्स’ आणि ‘इन्कन्व्हीनियन्स’ असे शब्द होते, म्हणजे कोणाला वैताग आला किंवा कोणाची गैरसोय झाली तरी गुन्हा ठरू शकत होता. शब्द ढिले होते, हेच ते कलम कोसळण्याचे एक मुख्य कारण ठरले. ‘चिलिंग इफेक्ट’, म्हणजे शिक्षेच्या नुसत्या धास्तीने माणसाने कायदेशीर बोलणेही गिळून टाकणे, ही संज्ञाही त्या निकालात येते आणि या संचातही आहे. मी हे सर्व मराठीतून शिकवले होते. आता इंग्रजीत न अडखळता तीन मिनिटे बोलू शकते, आणि त्याचे श्रेय या ॲपला देणे मला कर्तव्य वाटते.

उच्चाराच्या भागाबद्दल थोडक्यात सांगते. आपण मराठीत ‘सेन्सॉर’ म्हणतो. ॲपला ‘सेन्सर’ हवे असते आणि ते बरोबर आहे. ‘सेन्शर’ हा निराळा शब्द असून त्याचा अर्थ ठपका ठेवणे असा आहे, हा फरक ॲपने चांगला घोटून घेतला. ‘सेन्सॉर बोर्ड’ असे लिहिल्यावर मात्र ते चूक दाखवत नाही, वास्तविक चित्रपटांना प्रमाणपत्र देणाऱ्या या मंडळाच्या नावातला सेन्सॉर १९८३ मध्ये जाऊन तिथे सर्टिफिकेशन, म्हणजे प्रमाणन, आले आहे. निबंधात ‘सेंट्रल बोर्ड ऑफ फिल्म सर्टिफिकेशन’ हे पूर्ण नाव लिहिणे सुरक्षित.

सामाजिक प्रश्नांच्या अर्ध्या भागातही मराठी अर्थांचा तोच दोष आहे. ‘बॉयकॉट’ आणि ‘ऑस्ट्रसाइझ’ या दोन्हींना ‘बहिष्कार’. आपल्याकडे सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यामागे वाळीत टाकलेल्या कुटुंबांचा मोठा इतिहास आहे. विहिरीवर पाणी भरू न देणे, मयताला कोणी न येणे, मुलांची लग्ने अडवणे हे दुकानावरच्या बहिष्कारासारखे नसते. ‘वाळीत टाकणे’ हा शब्द प्रत्येक मराठी माणसाला कळतो, आणि ‘ऑस्ट्रसाइझ’ला त्याहून नेमका मराठी शब्द शोधूनही सापडणार नाही. तो तिथे नसावा याचे मला मनापासून वाईट वाटले.

मी नंतर मराठी अर्थ कायमचे बंद ठेवले आणि दोनशे पानी वहीत स्वतःचे अर्थ लिहायला घेतले. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये त्याचे क्रियापद, उजवीकडे माझा मराठी शब्द आणि खाली आपल्याकडच्या एखाद्या घटनेवर एक वाक्य. रोज पाच शब्द, स्वयंपाकापूर्वी वीस मिनिटे. पहिल्या परीक्षेत लेखनाला ९ पैकी ६ मिळाले होते, गेल्या महिन्यात ७ मिळाले. त्यात शिकवणीच्या बाईंचा आणि वहीचा वाटा मोठा आहे, पण वाक्ये ॲपचीच होती.

तेव्हा ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी २,४०० रुपयांची मूळ वर्गणी जरूर घ्यावी. दिवसाला साडेसहा रुपये पडतात आणि ते वसूल होतात. मराठी अर्थांचे ६०० रुपये भरू नयेत, त्यात सहा वह्या येतील. माझी वर्गणी चार महिन्यांनी संपेल. बँकेतून आपोआप पैसे जाण्याची परवानगी मी आजच काढून घेतली आहे, नूतनीकरण मी हाताने आणि फक्त मूळ वर्गणीचे करीन. चौथी तक्रार काल रात्री इंग्रजीत लिहून पाठवली. तिच्यात सातही शब्द आपापल्या जागी वापरले आहेत, सहाशे रुपये परत मागितले आहेत आणि सोबत वहीतल्या त्या पानाचे छायाचित्र जोडले आहे, ज्यावर ‘एम्बार्गो’समोर ‘ठरल्या वेळेपर्यंत प्रसिद्ध न करण्याची अट’ असे लिहिलेले आहे.