आठ महिने आणि एक हंचबॅक : मेकवॉरिअर ऑनलाइनमधल्या लोडआउटचा अनुभव

गणपतीच्या सुट्टीत मेकवॉरिअर ऑनलाइन डाउनलोड केला होता. त्याला आता आठ महिने झाले आणि आठवड्यातल्या चार रात्री तरी मी त्यात असतोच. गेम जुना आहे. २०१३ साली आला, २०१५च्या डिसेंबरमध्ये स्टीमवर आला, आणि फुकट खेळता येतो. बारा विरुद्ध बारा अशी मॅच. प्रत्येकाकडे एकच मेक, म्हणजे आत बसून चालवायचं दोन पायांचं लढाऊ यंत्र. ते पडलं की त्या मॅचपुरता तुमचा खेळ आटोपला, परत उभं राहायची सोय नाही. म्हणून मॅचच्या आधी मेकलॅबमध्ये बसून जे काही जोडता, काढता, म्हणजे तुमचा लोडआउट, त्याला इथे फार किंमत आहे. ग्राफिक्सबद्दल मी लिहीत बसणार नाही. मला या गेममध्ये धरून ठेवलं ते मेकलॅबनेच, तेव्हा तिच्याबद्दलच लिहितो.

मेकलॅबमध्ये दोन हिशेब एकदम सांभाळायचे असतात, वजनाचा आणि जागेचा. मेक ५० टनांचा असेल तर सांगाडा, इंजिन, आर्मर, हत्यारं, गोळे असं सगळं मिळून ५०च्या वर अर्धा टनही जाता कामा नये. शिवाय डोकं, छाती, दोन्ही बाजू, दोन्ही हात आणि दोन्ही पाय अशा आठ भागांत मिळून ७८ स्लॉट असतात आणि प्रत्येक वस्तू त्यातले काही अडवते. त्यावर हार्डपॉइंटचं बंधन आहे. जिथे लेझरची जागा आहे तिथे तोफ बसत नाही, आणि जिथे मिसाइलची आहे तिथे लेझर बसत नाही. एसटीच्या रॅकवर सामान लावताना बॅग हलकी असली तरी लांबीला बसत नाही, तशी गत इथे वारंवार होते. वजन उरतं पण जागा संपते, किंवा उलट.

सुरुवातीला मीही सगळ्या नव्या खेळाडूंसारखाच विचार केला : जितकी हत्यारं जास्त, तितकं चांगलं. पहिल्या २५ मॅचना नवख्यांना जादा सी-बिल्स, म्हणजे गेममधले पैसे, मिळतात. ते जमवून मी हंचबॅक या मेकचा ४पी हा प्रकार घेतला. त्याच्या उजव्या खांद्यावरच्या कुबडात सहा लेझर, दोन हातांत एकेक आणि डोक्यात एक. एकूण नऊ. दिसायला भारी. सगळे एकाच बटणावर लावले. तिसऱ्या का चौथ्या मॅचमध्ये शंभर टनांचा अ‍ॅटलस समोर आला, मी लागोपाठ दोनदा बटण दाबलं आणि माझा मेक तापून शटडाउन झाला. स्क्रीन काळी, मेक जागेवर उभा, आणि समोरचा शांतपणे नेम धरतोय. तेव्हा मला घोस्ट हीट हा प्रकारच माहीत नव्हता. सहापर्यंत मीडियम लेझर एकदम डागले तर ठीक, सातवा जोडला की उष्णतेवर दंड बसतो. लेझर दोन गटांत वाटून अर्धा सेकंद थांबत डागले असते तर तो दंड बसलाच नसता.

तिथून माझी खरी शिकवणी सुरू झाली. मामेभाऊ न्यू जर्सीला असतो, तो हा गेम खूप आधीपासून खेळतो. रविवारी सकाळी आमच्याकडे साडेसात वाजलेले असतात, त्याच्याकडे शनिवारची रात्र. तेव्हा आम्ही दोघं ग्रुप करून उतरतो. त्याने पहिली गोष्ट विचारली ती अशी : "तुला किती अंतरावरून लढायला आवडतं?" मला उत्तर देता आलं नाही. तो म्हणाला, "मग आधी ते ठरव, हत्यारं नंतर." हा एवढा प्रश्न मला पहिल्या दिवशी कुणी विचारला असता तर दीड महिना वाचला असता.

माझं उत्तर होतं, जवळून. म्हणून ४जी घेतला. मेकही तोच, हंचबॅकच, पण कुबडात लेझरऐवजी एसी-२० तोफ. एका गोळ्याला २० डॅमेज, पूर्ण ताकदीचा पल्ला २७० मीटर. मीडियम लेझरचाही पल्ला नेमका २७० मीटरच आहे. दोन्ही हत्यारं एकाच अंतरावर पूर्ण ताकदीने लागतात हे फार महत्त्वाचं. लांब पल्ल्याचं एक आणि जवळचं एक असं मिसळलं, की कुठेही उभे राहिलात तरी तुमचं अर्धं वजन फुकट वाहून नेताय.

आता ४जीचा हिशेब मांडतो, कारण मेकलॅब शिकण्यासाठी यासारखा दुसरा मेक नाही. मी हे सगळं वहीत लिहून काढलं होतं. गेम जायरो (मेकचा तोल सांभाळणारा भाग) आणि कॉकपिटचं वजन इंजिनमध्येच धरून दाखवतो, मी ते वेगळं काढलं. मेक विकत घेता तेव्हा सांगाडा ५ टन, २०० रेटिंगचं इंजिन साडेआठ, जायरो २, कॉकपिट ३, पहिल्या दहांवरचे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे भाग) ३, आर्मर १०, तोफ १४, गोळे २, हातातले दोन मीडियम लेझर २, डोक्यातला छोटा लेझर अर्धा. बेरीज बरोबर ५०. वेग ताशी ६४.८ किलोमीटर, आणि जवळून लढणाऱ्याला तो फार कमी आहे. तोफ चालवायच्या पल्ल्यात पोचेपर्यंत समोरच्यांनी तुम्हाला अर्धं सोललेलं असतं.

वेग हवा तर मोठं इंजिन हवं आणि मोठं इंजिन म्हणजे वजन. तिथे बहुतेक जण एक्सएल इंजिनकडे वळतात, कारण ते साध्याच्या निम्म्या वजनाचं असतं. पण इनर स्फिअरचं (गेममध्ये मेकचे दोन गट आहेत, इनर स्फिअर आणि क्लॅन; हंचबॅक पहिल्यातला) एक्सएल दोन्ही बाजूंना तीन-तीन स्लॉट खातं. बाजूला एकूण स्लॉट १२. तीन गेले की उरले नऊ, आणि एसी-२०ला लागतात दहा. तोफ बसतच नाही! मी पहिल्यांदा हे करायला गेलो तेव्हा तोफ ओढून कुबडावर सोडत होतो आणि ती परत परत यादीत जाऊन बसत होती. पाच मिनिटं मला वाटलं काहीतरी अडकलंय. मग बोटांवर स्लॉट मोजले.

उपाय म्हणजे लाइट इंजिन. ते साध्याच्या पाऊणपट वजनाचं, आणि बाजूला दोनच स्लॉट खातं. बारातून दोन गेले, दहा उरले, तोफेला दहाच लागतात. उजवी बाजू काठोकाठ भरली, एक चौकट रिकामी नाही. तो क्षण मला अजून आठवतो. आणि एक मोठा फायदा : एक्सएल असताना एक बाजू उडाली की मेक मेला. लाइट इंजिनवर एक बाजू गेली तरी तो चालतो, जरा मंदावतो, जरा जास्त तापतो, पण जिवंत राहतो. हंचबॅकचं कुबड तर समोरच्या प्रत्येकाला आधी दिसतं, सगळे तिथेच मारतात. या मेकवर एक्सएल घालणं म्हणजे आपला जीव त्या कुबडाला टांगणं.

माझा आजचा बिल्ड असा आहे. सांगाडा एंडो-स्टीलचा, म्हणजे वजन निम्मं, अडीच टन. त्याबदल्यात ते १४ स्लॉट घेतं, पण अंगभर पसरून. २५०चं लाइट इंजिन साडेनऊ टन, जायरो ३, कॉकपिट ३. आर्मर साडेदहा टन, जवळजवळ पूर्ण. तोफ १४. गोळे साडेतीन टन. दोन हातांत आणि डोक्यात मिळून तीन मीडियम लेझर, ३ टन. एक जादा डबल हीटसिंक, म्हणजे साध्यापेक्षा जास्त उष्णता काढणारा, १ टन. बेरीज ५०. वेग ८१ किलोमीटर. २५०चं इंजिन मी मुद्दाम निवडलं, कारण त्यात दहा हीटसिंक आतच मावतात. त्याहून लहान घेतलं की उरलेले बाहेर बसवावे लागतात आणि डबल हीटसिंक बाहेर तीन-तीन स्लॉट अडवतो. डबल हीटसिंकच्या बदलाला १५ लाख सी-बिल्स लागतात. पैसे हातात आले की सर्वांत आधी हेच करा, नवीन मेक नंतर. फेरो-फायब्रस हे हलकं आर्मर घ्यावं का, असं मला दोघा-तिघांनी विचारलंय. त्यालाही १४ स्लॉट लागतात. एंडोचे १४ आणि हे १४ दिले की गोळ्यांच्या पेट्यांना पुरेशी जागा राहत नाही. या मेकवर एंडोच घ्या.

गोळे मी पायांत ठेवतो. ज्या भागात पेटी आहे तो भाग उडाला तर गोळ्यांचा स्फोट होऊ शकतो, आणि जवळून लढताना लोक पायांवर कमी, धडावर जास्त मारतात. पायांत मावत नाही ते डाव्या बाजूला. मागचं आर्मर पाच-सहा पॉइंटांवर आणून बाकीचं पुढे घेतलंय. हे सगळ्यांना मानवेल असं नाही. ज्यांना मागून हलके मेक येऊन चावतात त्यांनी मागे थोडं जास्त ठेवावं.

हा बिल्ड लढताना कसा वाटतो ते एका मॅचवरून सांगतो. रिव्हर सिटीचा मॅप, इमारतींची दाटी. हंचबॅकची तोफ उजव्या खांद्यावर उंच आहे, त्यामुळे कोपऱ्याच्या अशा बाजूला उभं राहायचं की उजवा खांदा तेवढा बाहेर येईल. मी तसा एका भिंतीमागे थांबलो. समोरून एक जड मेक आला, अंतर दोनशेच्या आसपास. पाऊल बाहेर, तोफ, लगेच तीन लेझर, आणि लेझर संपताक्षणी धड उजवीकडे फिरवलं. धड तसं वळलं की समोर डावा हात येतो आणि कुबड मागे लपतं. त्याचा मारा सगळा डाव्या हातावर गेला. तोफ परत भरेपर्यंत भिंतीमागे. असं चार वेळा. चौथ्या वेळी त्याची डावी बाजू उघडी पडली आणि पाचव्या गोळ्याला ती उडाली. पुढच्याने मात्र माझं कुबड फोडलं; तोफ गेली, त्याबरोबर उजवा हातही गेला. उरले दोन लेझर, डाव्या हातातला आणि डोक्यातला. त्या दोन लेझरवर मी मॅच संपेपर्यंत टिकलो आणि शेवटचा पळणारा हलका मेक त्यांनीच पाडला. साध्या बाजारी बिल्डमध्ये डोक्यात छोटा लेझर असतो, त्याचा पल्ला कमी पडला असता. अर्ध्या टनाची किंमत अशी कळते.

उष्णतेचं गणित मॅपवर बदलतं हे ध्यानात ठेवा. टेरा थर्मा, कॉस्टिक व्हॅली इथे हवाच तापलेली, हीटसिंक नीट काम करत नाहीत. फ्रोझन सिटीत तोच मेक निवांत मारा करतो. मॅप आधी कळत नाही, म्हणून बिल्ड करताना मी नेहमी गरम मॅप डोळ्यांसमोर ठेवतो. लेझरवाल्यांना हे जास्त जाचतं, तोफवाल्यांना कमी.

मधे दोन आठवडे मी कॅटापल्ट या मेकवर लांब पल्ल्याची मिसाइल (एलआरएम) लावूनही खेळलो. मागे उभं राहायचं, दुसऱ्याने लॉक दिला, म्हणजे शत्रूवर नेम पक्का धरून दिला, की डागायची. मला रमवलं नाही. एलआरएम १८० मीटरच्या आत कामाचीच नाहीत, आणि एखादा हलका मेक तुमच्या मागे शिरला की तुम्ही हात बांधून उभे. ज्यांच्या टीममध्ये लॉक धरून ठेवणारा भरवशाचा साथीदार आहे त्यांनी जरूर वापरावीत.

क्लॅन गटाचे ऑम्निमेक हा वेगळा विषय आहे. त्यात हातपाय अदलाबदल करून हार्डपॉइंट बदलता येतात, पण इंजिन आणि सांगाडा बदलता येत नाही. सुरुवात इनर स्फिअरच्या मेकवर करावी असं मी म्हणेन, कारण तिथे प्रत्येक टनाचा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो आणि चूक कुठे झाली तेही दिसतं.

हत्यारं बसवून झाली की स्किल ट्री, म्हणजे मेकची क्षमता वाढवणाऱ्या चौकटींचा तक्ता. प्रत्येक मेकला ९१ पॉइंट मिळतात. मी आधी आर्मर आणि सांगाडा मजबूत करणारे घेतो, मग वेग आणि धड फिरण्याचा वेग, उरलेले उष्णतेत. हे काम वेळखाऊ आहे. एकेक चौकट दाबत बसावं लागतं आणि हव्या त्या चौकटीपर्यंत पोचायला मधल्या दोन-तीन नकोशाही घ्याव्या लागतात. या भागात मला कधीच मजा आली नाही, पण टाळला तर मॅचमध्ये फरक जाणवतो.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सर्व्हर आपल्याकडे नाहीत, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, जास्त असेल असं गृहीतच धरा. पावसाळ्यात आमच्याकडची लाइन मधेच अडखळायची, तेव्हा लेझर जवळजवळ सेकंदभर एकाच जागी धरून ठेवणं अवघड जायचं. एसी-२०चा गोळा एका क्षणात सुटतो, नेम थोडा पुढे धरला की झालं. जवळचा पल्ला आणि एकाच वारात सगळं डॅमेज देणारी तोफ, आपल्या इंटरनेटला हे सोयीचं पडतं असा माझा अनुभव आहे.

पैसे मी खर्च केलेले नाहीत. सी-बिल्सवर मेक घ्यायला वेळ लागतो, पण मला एकच मेक नीट जाणून घ्यायचा होता, त्यामुळे त्याचा त्रास झाला नाही. ज्यांना रोज नवीन काहीतरी चालवायचंय त्यांचा धीर सुटू शकतो. त्यांनी आधी ट्रायल मेकवर, म्हणजे विकत न घेता वापरायला मिळणाऱ्या मेकवर, भरपूर खेळून बघावं.

परवा सेंच्युरियन घेतला. तोही ५० टनांचाच, पण याची तोफ उजव्या हातात आहे. हात गेला तर तोफ जाईल, धड मात्र शाबूत राहील, आणि डाव्या बाजूला मिसाइलची जागा रिकामी आहे. वहीत नवीन पान काढलंय. इंजिनपर्यंत बेरीज झाली आहे, आर्मर पुढे किती आणि मागे किती ते रविवारी सकाळी मामेभावाशी बोलून ठरवणार.