आठ महिने थेरपी, लातूर: कामाला आलं काय, खटकलं काय

जूनमध्ये सुरू केलं, आता फेब्रुवारी. एकवीस सेशन झाले.

मी मुखेड तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरची. घरात गोरमाटी बोली, शाळा मराठी, नोकरी लातुरात बँकेत. त्रास काय, तर छातीत धडधड आणि रात्री तीनला जाग. ईसीजी, थायरॉईड सगळं नॉर्मल निघालं, तेव्हा डॉक्टरच म्हणाले, मनाच्या डॉक्टरकडे जाऊन बघा.

पहिल्यांदा ऑनलाइन, मोठ्या शहरातले एक समुपदेशक बघितले. चौथ्या सेशनला सोडलं. माणूस वाईट नव्हता, पण भावाची फी म्हणा की बहिणीचं लग्न, त्यांचं उत्तर एकच: 'घरच्यांना नाही म्हणायला शिका.' अहो, तांड्यावरची पहिली पदवीधर पोरगी मी. माझ्या फीसाठी बा आणि याडी (आई) दर हंगामाला ऊसतोडीला गेले. तो हिशोब 'नाही' म्हणून मिटतो होय?

दुसऱ्या मॅडम लातूरच्याच. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते आधी विचारून घेतलं. तुम्हीही विचारा, पाटीवर समुपदेशक कुणीही लिहितं. त्या बंजारा नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, 'तांड्याबद्दल मला वरवरचं माहीत आहे, चुकले तर टोका.' मग विचारलं, या त्रासाला घरी काय म्हणतात, तुमच्या आई याचं कारण काय सांगतील? हे काही त्यांचं डोकं नव्हे; मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक आहे, डीएसएम-५; त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत सोळा प्रश्नांची अशी मुलाखतच दिलेली आहे. पण मला ते विचारणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

गाठ सापडली आठव्या सेशनला. दोन वर्षांपूर्वी याडी पासबुक भरायला आमच्या शाखेत आली होती. फेटिया-कांचळी (आमचा घागरा-चोळी), हातभर बांगड्या. शिपायानं विचारलं, कोण? मी म्हणलं, गावाकडच्या ओळखीच्या आहेत. याडीनं ऐकलं. काही बोलली नाही, पासबुक घेऊन एसटी स्टँडला गेली.

हे मराठीत सांगताना मी बातमी सांगावी तशी सांगत होते. मॅडम म्हणाल्या, 'तुमच्या भाषेत सांगा. मला कळलं नाही तरी चालेल.' गोरमाटीत दोन वाक्यं झाली आणि पुढचं अर्धं सेशन रडण्यात गेलं. 'लाज वाटली म्हणजे तुम्ही वाईट' किंवा 'आता अभिमान बाळगा' असलं त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढचे दोन महिने एकच काम: कुठं आवाज बदलतो, कुठं आडनाव गिळून बोलते, ते वहीत टिपायचं.

तिथंच एक गोष्ट निघाली. माझी आत्या देगलूरच्या पलीकडे तेलंगणात, तिची मुलं सरकारी यादीत अनुसूचित जमात. मावशी बिदरकडे, कर्नाटकात, तिथं अनुसूचित जात. आम्ही इथं विजा-अ, म्हणजे विमुक्त जाती. निजामाचा एकच मुलूख १९५६ ला तीन राज्यांत वाटला गेला आणि एका घरातली माणसं तीन रकान्यांत बसली. मग माझ्या एकटीच्या डोक्यात तीन खोल्या असल्या तर नवल काय! या विचारानं मला गोळीइतका आराम पडला. (गोळी मला लागली नाही. कुणाला लागत असेल तर त्यात कमीपणा नाही.)

आता खटकलेलं. मधल्या काळात मॅडमना प्रत्येक गोष्टीत तांडा दिसायला लागला. गेल्या मार्चएंडची जागरणं, मॅनेजरचं ओरडणं, यातही त्या संस्कृती शोधायच्या. शेवटी टोकलं, 'मॅडम, हा माणूस सगळ्यांवरच ओरडतो.' त्या हसल्या आणि मान्य केलं. फी ८०० रुपये, वेळ ५० मिनिटं. पहिले तीन महिने दर आठवड्याला जायचे तेव्हा खिशाला जड गेलं, आता महिन्यातून दोनदा जाते. तांड्यावरून ऑनलाइन सेशन करायचं तर टेकडीवर चढावं लागतं आणि तिथं शेळ्या राखणारी पोरं ऐकत बसतात. परवडत नसेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत. एका वाईट रात्री मीही लावला होता.

पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची प्रश्नावली, गुण जितके कमी तितकं बरं) मध्ये जूनला १५ होते, आता ७. रात्री तीनची जाग अजून आहे, पण आठवड्यातून एखादी.

याडीचं केवायसी संपलंय. सोमवारी शाखेत बोलावलंय. फॉर्म भरून ठेवला आहे, नॉमिनीच्या नात्यापुढं 'मुलगी' लिहिलंय. शिपाई तोच आहे.