नऊ फटी मोजल्या आणि चार लाख साठ हजार दिले

मी घेतलेली जीप १९४३ ची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलिस कंपनीची आहे असं मला विकणाऱ्यानं एकदाही सांगितलं नाही. ते मी म्हणाले, त्यानं फक्त ऐकून घेतलं. पुढं जे झालं त्याचं मूळ इथंच आहे, म्हणून हे आधी लिहिते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. १९६४ ला भरती झाले, सतरा वर्षांनी पेन्शन घेऊन गावी आले. लहानपणी एस.टी.ची वाट बघत हायवेला उभं राहिलो की ते मला येणाऱ्या गाड्या ओळखायला लावायचे. टाटाच्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन पात्यांचा तारा असला की तो १९६९ च्या आधीचा, कारण त्या साली दोन्ही कंपन्यांचा करार संपला. फियाटचं पुढचं दार उलट्या बाजूनं उघडलं की ती डुक्कर फियाट, सरळ उघडलं की डिलाइट नाहीतर नंतरची पद्मिनी. जीपच्या ग्रिलला सात फटी म्हणजे लढाईनंतरची, नऊ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली. हे सगळं दुरून, एक नजर टाकून सांगता यायचं. चाळीस वर्षं झाली, ती सवय माझी गेलेली नाही. रस्त्याकडेला जुनी गाडी दिसली की माझी मान वळतेच.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत लोणंदहून साताऱ्याला येताना एका शेडपुढं, कडुनिंबाखाली, धुळीनं माखलेली हिरवी जीप दिसली. मी गाडी वळवून परत आले. फटी मोजल्या. नऊ. हेडलाइट ग्रिलच्या आत, काच दोन तुकड्यांची, बोनेट बसकं, आणि मागं उघडायची फळी नाही. मी परत मोजत असताना शेडमधून चाळिशीचा एक माणूस आला.

“काय मोजताय ताई?”

मी त्याला सगळं सांगितलं. विलिस म्हणजे काय, नऊ फटी का, विलिस आणि फोर्ड दोघांनी मिळून लढाईत सहा लाखांवर जीप कशा बनवल्या. तो म्हणाला, “असं आहे होय? आमच्या आजोबांनी लिलावात घेतली होती मिलिटरीची. आम्ही आपलं भंगारात द्यायची म्हणत होतो.” डॅशबोर्डवर पितळी पाटी होती. त्यानं फडक्यानं पुसून दाखवली. तारीख १९४३. मी विचारलं, स्टिअरिंग उजवीकडे कसं? म्हणाला, डावं इथं कुणाला जमतंय, आजोबांनीच बदलून घेतलं. मला ते पटलं.

आता शांतपणे बघते तेव्हा कळतं की त्या दहा मिनिटांत मला एकच गोष्ट दिसत होती. याला माहीत नाही आपल्याकडे काय आहे, आणि मला माहीत आहे. असं वाटलं की माणूस प्रश्न विचारायचं थांबवतो, कारण प्रश्न विचारले तर समोरचा शहाणा होईल आणि किंमत वाढवेल. त्यानं माझ्याकडून नेमकं हेच करून घेतलं.

मला अण्णांना चकित करायचं होतं. त्यांचं वय ऐंशीकडे आलेलं, गुडघे गेलेले, आणि मी ठरवलं की त्यांच्या वाढदिवसाला ही जीप दारात उभी करायची. म्हणून त्यांना काही सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. विकणाऱ्याला मात्र सांगितलं. तो म्हणाला, “मग तर ताई बोलूच नका कुणाला, मजा जाईल.” या एका वाक्यानं ज्या माणसानं ती जीप अर्ध्या मिनिटात ओळखली असती तोच बाजूला राहिला.

पाच लाखांवरून चार साठ ठरले. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन: पुण्याची पार्टी आलीय, तुमचा शब्द आहे म्हणून थांबलोय. मी एक्कावन्न हजार लगेच मोबाईलवरून पाठवले. बाकीतले काही खात्यावर, काही रोख. खातं त्याच्या नावाचं नव्हतं, मेहुण्याचं म्हणाला. पाचशेच्या स्टॅम्पवर विक्रीपत्र झालं आणि गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३० सह्या केलेले माझ्या हातात दिले.

आरसी बुक मी पाहिलं होतं. मेकर महिंद्रा, नोंदणी १९७९. त्यानं सांगितलं, जुनं बुक हरवलं, आरटीओचं काम कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा यादीत विलिस नाव नव्हतं म्हणून महिंद्रा टाकलं. महिंद्रानं सुरुवातीला विलिसच जोडायला घेतल्या होत्या हे मला माहीत होतं, म्हणून ते खरं वाटलं. आरसीची मुदत २००९ ला संपलेली होती. त्यावर त्याच्याकडे तयार उत्तर होतं: “आता विंटेजचा कायदा झालाय. व्हीए नंबर घ्या, रोज फिरवा.”

इथं मी थांबून सांगते, कारण हे वाक्य आता अनेक जुन्या गाड्या विकताना वापरलं जातंय. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. आणि ती रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. १९७९ ची गाडी तर पन्नास वर्षांत बसतच नव्हती. हे नियम वाचायला मला एक संध्याकाळ पुरली असती.

जीप टेंपोवर चढवून आणली. अण्णांना हात धरून अंगणात नेलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं भरून आलंय. मग ते पुढं गेले, बंपरला धरून खाली वाकले आणि आत हात घालून चाचपलं.

“गोल नळी न्हाई हितं.”

मला कळलं नाही. विलिसच्या चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो. हा चौकोनी होता. मग त्यांनी हेडलाइटला हात लावला. “दिवा उलटव बघू.” कसा, म्हटलं. “हितं पाकळीचा नट असतोय. सैल केला की दिवा मागं वळतो, इंजिनावर उजेड पडतो. रातीचं काम निघालं तर आमी तसंच करायचो.” दिवा पत्र्याला पक्का बसवलेला होता. त्यांनी ड्रायव्हरची गादी उचलायला सांगितली. लढाईतल्या जीपची टाकी सीटखाली असते आणि पेट्रोल गादी उचलूनच भरतात, बाहेर झाकण नसतं. इथं बाहेरच्या पत्र्यावर अण्णांनी अंगठा फिरवला आणि माझा अंगठा धरून त्याच जागेवर ठेवला. रंगाखाली गोल कड लागत होती, वाटीच्या तोंडाएवढी. झाकणाची जागा कापून, ठिगळ वेल्ड करून, वरून लांबी म्हणजे पुटी भरून घासलेली.

पितळी पाटीचे स्क्रू नवे होते, त्यांच्या खाचेत हिरवा रंगसुद्धा गेलेला नव्हता. अशा पाट्या नव्या करून मिळतात. नऊ फटींची ग्रिल मिळते, दोन काचांची फ्रेम मिळते, अख्खी बॉडी नव्या पत्र्याची मिळते. रस्त्यावरून जे जे दिसतं ते सगळं विकत मिळतं. माझी सगळी ओळख त्याच गोष्टींवर होती, आणि ती जीप माझ्यासारख्या बघणाऱ्यासाठीच उभी केलेली होती.

इंजिनही दुसऱ्याच गाडीचं निघालं. मूळचं जाम झालंय, नंतर पाठवतो असं तो म्हणाला होता, ते कधी आलं नाही. खऱ्या विलिसच्या इंजिनावर उजव्या बाजूला एमबी या अक्षरांनी सुरू होणारा नंबर कोरलेला असतो. फोर्डच्या जीपवर जीपीडब्ल्यू असतं. तो नंबर पाहिल्याशिवाय मूळ इंजिनाच्या नावानं कुणाला रुपया देऊ नका.

खरी गोष्ट याहून वाईट होती, ती आरटीओत कळली. निरीक्षकांनी चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतला, म्हणजे नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासली. कागदावर आकडे उमटले तेव्हा मलाही दिसलं: ते एका ओळीत नव्हते, दोन आकड्यांची खोली वेगळी होती, आणि नंबराच्या पट्टीच्या चारी बाजूंनी वेल्डिंगची रेघ आली होती. दुसऱ्या चासीवर ही पट्टी कापून जोडलेली. आरसीवरचे मालक २०११ मध्येच वारलेले निघाले. म्हणजे माझ्याकडच्या २९ आणि ३० वरची सही वारलेल्या माणसाची. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावानं फॉर्म ३१ लागतो. मी तर विकणाऱ्याला आरसीवरचं नाव कुणाचं हेही नीट विचारलं नव्हतं, आजोबांचं असेल असं धरून चालले होते.

तेव्हा कुणी जुनी गाडी घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी तिचा पेन्सिल प्रिंट स्वतः घ्या. कागद आणि पेन्सिल, एवढंच लागतं. तो आरसीशी अंक न अंक लावून बघा. विकणारा “गंज आहे, दिसत नाही” म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आरसीवरच्या माणसाला किंवा त्याच्या वारसाला समोर बसवून सही घ्या, पैसे त्याच्याच खात्यावर टाका. गाडीखाली झोपून पाहणारा मेकॅनिक तुमचा हवा, त्यानं सुचवलेला नको. आणि घरात कुणी अशा गाड्या चालवलेला म्हातारा माणूस असेल तर त्याला आधी न्या. वाढदिवसाची भेट त्याला बरोबर नेऊनही देता येते.

पोलिसांनी आधी हा दिवाणी मामला आहे म्हणून परत पाठवलं. चासी नंबरचा प्रिंट आणि मृत्यूचा दाखला घेऊन गेले तेव्हा लेखी अर्ज घेतला. शेड भाड्याचं होतं, ते आता रिकामं आहे. फोन बंद आहे. जीप तपासासाठी आमच्याच अंगणात ठेवायला सांगितली आहे, तिला हात लावायचा नाही. अण्णा सकाळी तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसतात, पण आत एकदाही बसलेले नाहीत.

माझी एक विनंती आहे. चासी चोरीची असेल तर तिचा खरा मालक कुठंतरी आहे. तुमची किंवा ओळखीच्या कुणाची महिंद्राची जुनी जीप २०२४ च्या आधी चोरीला गेली असेल, आणि तिच्या पुढच्या डाव्या स्प्रिंगच्या वर चासीला बोटभर लांबीची जुनी वेल्डिंग असेल, तर तुमच्या पोलीस ठाण्यातून सातारा पोलिसांकडे चौकशी करा. ती वेल्डिंग जुनी आहे, फसवणाऱ्यानं केलेली नाही. कुणीतरी गाडी वापरताना नीट करून घेतलेली आहे.