तरवड दारात लावला, त्याला सोळा महिने झाले

आमचं घर अथणी तालुक्यात. जमीन काळी, आणि उन्हाळ्यात बोअरचं पाणी प्यायलाच जेमतेम पुरतं. जास्वंद दोनदा वाळून गेली, तेव्हा ठरवलं की बांधावर कुणी तांब्याभर पाणी न घालता जे फुलतंय तेच दारात आणायचं.

नर्सरीत तरवड मागितला तर टेकोमा हातात ठेवला. फूल तोही पिवळंच देतो, पण तो मूळचा अमेरिकेकडचा. शेवटी बांधावरच्या वाळक्या शेंगा गोळा केल्या. बियाचं कवच फार टणक. पहिल्यांदा तसंच पेरलं तर वीसातलं एक उगवलं. मग उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बी टाकून रात्रभर ठेवलं आणि सकाळी फुगलेलं तेवढंच पेरलं. आठ-दहा दिवसांत कोंब दिसले.

खरी चूक पिशव्यांची झाली. सोटमूळ पिशवीच्या तळाशी गोल वळलं होतं, आणि जमिनीत लावलेली सहाही रोपं मेली. जागेवरच पेरलेली पाच तगली. त्यातलं मोरीच्या पाण्याजवळचं एक पावसाळ्यात कुजलं. काळ्या रानात मुरूम टाकून उंचवटा करूनच बी टोचा. पहिल्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकेक कळशी घातली. त्यानंतर एक थेंबही नाही.

श्रावणात फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्यांनी एक झाड पार खराटा केलं. फवारणी मुद्दाम केली नाही. पंधरवड्यात नवी पालवी आली.

नवरात्राच्या तोंडावर फूल धरलं. सकाळी जवळ उभं राहून बघा: काळा भुंगा फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता घुर्रर्र करतो. या फुलात मध नसतो. त्या थरथरीनं परागकोशाच्या टोकाच्या भोकातून पिवळी धूळ उडते, तीच त्याला हवी असते. मी रोज दहा मिनिटं तिथंच असते.

शेजारचे मामा कोल्हापुरी चपला करणाऱ्या घरातले. त्यांनी फांदीला नख लावून साल बघितली. "हिच्यानं कातडं कमावतात. पण झाडाची काढू नगा, लहान हाय अजून," म्हणाले.

सासूबाई दरवर्षी घटाच्या माळेसाठी फुलं बाजारातून आणायच्या. यंदा नऊही दिवस घरचीच फुलं होती. पलीकडच्या कानडी वहिनी याला आवरिके म्हणतात. त्यांना बी हवंय. शेंगा कागदासारख्या चपट्या झाल्यात, अजून हिरव्या आहेत. वाळल्या की पहिली मूठ त्यांची.