थळच्या कारखान्यातला युरिया केळी-कपाशीला कसा आहे?

२०२२ पासून युरियाच्या गोणीवर ‘भारत युरिया’ हेच नाव मोठ्या अक्षरांत येतं. माल कोणाचा, हे पाहायला गोणीचा उरलेला एक तृतीयांश भाग वाचावा लागतो. तिथे निर्माता म्हणून थळचा कारखाना चालवणारी राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आरसीएफ, असेल तर ती गोणी तिच्या जुन्या ‘उज्ज्वला’ नावाच्या युरियाचीच समजा. खान्देशातल्या केळीला आणि कपाशीला हे खत भरवशाचं आहे. मात्र आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ते वरवर फेकलं, तर नत्राचा (नायट्रोजनचा) मोठा वाटा हवेत जातो.

आधी हिशेब. गोणी ४५ किलोची, नत्र ४६ टक्के, म्हणजे एका गोणीत २० किलो ७०० ग्रॅम नत्र. नीम लेपन आणि करासह किंमत २६६ रुपये ५० पैसे. नत्राचा किलो तेरा रुपयांच्या आत पडतो. इतकं स्वस्त नत्र दुसऱ्या कुठल्याही रासायनिक खतात नाही. केळीला खोडामागे २०० ग्रॅम नत्राची शिफारस धरली तर ४३५ ग्रॅम युरिया लागतो, म्हणजे हजार खोडांना पावणेदहा गोण्या. २०१८ मध्ये गोणी ५० किलोवरून ४५ ची झाली, तरी अजून बरेच जण जुन्याच गोणीच्या अंदाजाने खत टाकतात. ‘नेहमीएवढंच दिलं’ म्हणतात, तेव्हा प्रत्यक्षात दहा टक्के कमी पडलेलं असतं.

या किमतीमागे कारखान्याची मालकी नाही, सरकारचं धोरण आहे. तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा, कारखाना १९६५ ला सुरू झाला तेव्हा तो भारतीय खत निगमाचा होता. १९७८ मध्ये निगमाची फेररचना झाली आणि ६ मार्चला आरसीएफ ही वेगळी सरकारी कंपनी उभी राहिली. अलिबागजवळ थळचा मोठा प्रकल्प समुद्रातल्या बॉम्बे हाय क्षेत्राच्या नैसर्गिक वायूच्या जोरावर १९८५ च्या सुमाराला चालू झाला. आज कंपनीचे शेअर बाजारात आहेत, पण ७५ टक्के मालकी केंद्र सरकारचीच. २०२३ मध्ये तिला नवरत्न दर्जा मिळाला. तापीच्या मुखाशी हजिऱ्याला युरिया करणारी कृभको मात्र सहकारी संस्था, १९८० ची. मालक वेगळे असले तरी दोन्हींच्या गोणीचा दर एकच, कारण तो सरकार ठरवतं आणि उत्पादनखर्चातला फरक अनुदानातून भरून देतं.

थळला अमोनियाच्या दोन आणि युरियाच्या तीन उत्पादन-ओळी आहेत, वर्षाची क्षमता सुमारे २० लाख टन. नैसर्गिक वायूतलं गंधक आधी काढतात, कारण त्याचा अंश राहिला तरी निकेलचा उत्प्रेरक मरतो. मग वाफेबरोबर ८०० अंशांच्या आसपास तापवून हायड्रोजन मोकळा करतात, पुढच्या भट्टीत हवा सोडून नायट्रोजन आणतात आणि प्रचंड दाबाखाली लोखंडाच्या उत्प्रेरकावरून नेऊन अमोनिया करतात. वायूतून निघालेला कार्बन डायऑक्साइड वाया जात नाही, त्याचाच अमोनियाशी संयोग करून युरिया बनतो. एका ४५ किलोच्या गोणीत सुमारे २६ किलो अमोनिया खपतो. वायूचा दाब घसरला किंवा वीज क्षणभर गेली तरी ओळ बंद पडू शकते, आणि थंड पडलेली भट्टी पुन्हा तापवून उत्पादन सुरळीत व्हायला काही दिवस जातात. म्हणून ऐन जुलै-ऑगस्टमध्ये ‘रेक (खताची मालगाडी) लागला नाही’ असं ऐकू आलं की त्यामागे दरवेळी साठेबाजीच असते असं नाही. पण युरियाच्या जोडीला दुसरं औषध घेण्याची सक्ती होत असेल तर ती बेकायदेशीर आहे. दुकानातल्या पॉस (विक्री नोंदीच्या) मशीनचं पक्कं बिल मागा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.

आता शेतातली गोष्ट. ‘नीमकोटेड आहे, वर फेकलं तरी चालतं’ हा समज सगळ्यांत महाग पडतो. नीम तेल अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग कमी करतं, म्हणजे पाण्याबरोबर होणारा निचरा रोखतं. युरियाचा अमोनिया होऊन उडून जाणं ते थांबवत नाही. जमिनीचा सामू (पीएच) आठच्या वर आणि माती ओलसर असेल तर हा वायू झपाट्याने सुटतो; टाकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेतात नाकाला झोंबणारा वास येतो, तो आपलाच पैसा. कपाशीला झाडाच्या बाजूला दोन-तीन बोटं खोल देऊन माती ओढा, किंवा लगेच हलकं पाणी द्या. केळीला ठिबकमधून देणं उत्तम. २०० लिटरच्या ड्रममध्ये एक गोणी सहज विरघळते. विरघळताना पाणी बर्फासारखं गार पडतं, त्यामुळे शेवटचे दाणे वेळ घेतात. वर तेलाचा तवंग आणि थोडा गढूळपणा दिसला तर तो नीमचा. तळाशी रेतीसारखा गाळ राहिला तर मात्र माल संशयास्पद.

फवारणीला दोन टक्के, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम, आणि फडक्यातून गाळूनच. तेलाने नोझल तुंबतं. युरियाचा वितळलेला रस कारखान्यात जास्त वेळ तापला तर बायुरेट तयार होतं. त्याची कायदेशीर मर्यादा दीड टक्का आहे. जमिनीतून देताना एवढं चालतं, पण लिंबाच्या पानांना ते सोसत नाही, शेंडे पिवळे पडतात. लिंबावर हा साधा युरिया फवारू नका.

आणि एक गफलत घरोघर होते. युरिया आणि आरसीएफचं सुफला १५:१५:१५ हे मिश्रखत एकत्र कालवून गोणी उद्यासाठी ठेवतात. तुर्भ्याच्या सुफलात अमोनियम नायट्रेट असतं. नुसता युरिया ७०-७५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडा राहतो, पण अमोनियम नायट्रेटशी मिसळला की १८ टक्क्यांतच ओल धरतो. पावसाळ्यात रातोरात त्याची खीर होते. सिंगल सुपर फॉस्फेटबरोबरही तो पाझरतोच. बांधावर कालवा आणि तासाभरात टाकून मोकळे व्हा. उघडलेली गोणी तोंड घट्ट बांधून, भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळीवर ठेवा. थप्पी उंच लावली तर तळच्या गोण्या दगडासारख्या बसतात. असा गड्डा आपटून फुटला, तर नत्र तेवढंच आहे, बिनधास्त वापरा.