नवी म्हणून बसवली ती माझीच जुनी मोटर, रंगवून

माझ्याकडे एक जुनी फोर बाय फोर आहे. तिच्या हीटरच्या ब्लोअरला तीन स्पीड. पहिले दोन अचानक बंद पडले, तिसरा मात्र व्यवस्थित चालत होता. एवढ्या साध्या बिघाडावरून एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मला मोटर, स्विच, रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि वायरिंग अशा चार गोष्टींचे पैसे लावले. त्यातलं खरं काम जवळजवळ शून्य होतं, आणि जे केलं त्याने गाडी पेटायची वेळ आणली. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर हे पूर्ण वाचा.

आधी तो बिघाड समजून घ्या, कारण फसवणूक तिथूनच सुरू झाली. तिसऱ्या स्पीडला करंट स्विचमधून थेट मोटरला जातो. पहिल्या-दुसऱ्याला तो एका रेझिस्टन्समधून, म्हणजे करंट अडवणाऱ्या पार्टमधून जातो, म्हणून मोटरला कमी व्होल्ट मिळतात आणि ती हळू फिरते. म्हणजे तिसरा स्पीड नीट चालतोय आणि खालचे दोन्ही एकदमच गेले, तर पहिला संशय रेझिस्टन्सवर किंवा त्याच्या कपलरवर (वायर जोडायच्या प्लगवर) घ्यायचा. मोटर बदलायचं तर कारणच नव्हतं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मोटर जाम झालीय, करंट जास्त खेचते, त्यामुळे स्विच आतून जळालाय. वायरिंगपण कडक झालंय, सगळंच करून घ्या." गाडी जुनी असल्यामुळे मला ते पटलं.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. तिन्ही स्पीड चालू. काळीभोर चकचकीत मोटर, नवा गोल स्विच, बोनेटखाली पत्र्यावर स्क्रूने बसवलेला रिले, सगळं त्याने दाखवलं. मोटरच्या वायरला टेस्ट लॅम्प लावून "बघा, पूर्ण सप्लाय येतोय" असंही म्हणाला. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. टेस्ट लॅम्पला करंट अगदी थोडा लागतो, त्यामुळे जोड निम्मा सुटलेला असला तरी तो पेटतो. मोटरला दहा-अकरा अँपिअर लागतात, आणि तेवढा करंट त्या जोडातून जातो का, हे लॅम्प सांगत नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारात गेले.

महिन्याभरात पाऊस सुरू झाला. रात्री चढावर काच आतून धुरकटली म्हणून ब्लोअर पहिल्या स्पीडला लावला. दहा-पंधरा मिनिटांत प्लॅस्टिक जळल्याचा वास आला आणि डॅशबोर्डच्या मागून धूर निघाला. स्विच बंद केला, ब्लोअर चालूच. चावी काढली, तरीही चालूच. शेजारी बायको आणि मागे मुलगा बसले होते. त्यांना खाली उतरवलं, बोनेट उघडलं आणि पान्याने बॅटरीची निगेटिव्ह लग (वायरचं टोक) सोडवली, तेव्हा ब्लोअर थांबला. त्या दोन मिनिटांची आठवण आली की अजून राग येतो. पैशांचा विचार त्यानंतर सुचला.

डॅशबोर्ड मी स्वतः उघडला, विद्युतकाम जाणणाऱ्या मित्राला सोबत घेऊन. रेझिस्टन्सची मूळ जागा हवेच्या डक्टमध्ये असते, कारण तो तापतो आणि ब्लोअरचीच हवा त्याला थंड ठेवते. माझा जळालेला रेझिस्टन्स तिथे तसाच पडून होता. त्याऐवजी डॅशमागे, हवा लागणार नाही अशा जागी, पांढरे सिरॅमिक रेझिस्टन्स टेपने वायरच्या गुच्छाला बांधले होते. पहिल्या स्पीडचा रेझिस्टन्स दहा वॅटचा, म्हणजे तेवढीच उष्णता सोसणारा होता. मोजलं तेव्हा त्या स्पीडला त्यावर पाच व्होल्ट पडत होते आणि पाच अँपिअर वाहत होते, म्हणजे पंचवीस वॅट उष्णता. टेप वितळणारच होती.

रिले तर नुसता दाखवायला होता. रिलेला चार मुख्य टर्मिनल असतात: ३० वर फ्यूजमधून सप्लाय, ८७ वरून मोटर, आणि ८५-८६ ही रिले चालू करणारी कॉइल. माझ्या रिलेच्या चारही वायर हातभर पुढे जाऊन टेपमध्ये दुमडून संपत होत्या. कुठेच जोडलेल्या नव्हत्या. सगळा करंट त्या हलक्या स्विचमधूनच जात होता, म्हणून त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले आणि तो बंद होईना. सप्लाय इग्निशनवरून न घेता थेट बॅटरीवरून घेतला होता, म्हणून चावी काढूनही उपयोग झाला नाही. वायर एक चौरस मिलिमीटरची, जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले. फ्यूज मूळ पंधरा अँपिअरचा होता, तिथे तीसचा, आणि तोही डॅशमागे. बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरला कसलंच संरक्षण नव्हतं.

स्विच हलवून चिकटलेले कॉन्टॅक्ट सुटले, तेव्हा इंजिन चालू ठेवून फुल स्पीडला मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, मोटरवर १०.६. मधले १.४ एकट्या स्विचवर, १.२ वायर आणि जोडांवर, ०.७ अर्थिंगच्या (बॅटरीकडे परतणाऱ्या करंटच्या) बाजूला. अकरा अँपिअरला स्विचमध्येच पंधरा वॅट जळत होते. हे मोजायला पाच मिनिटं लागतात. गाडी ताब्यात घेताना ब्लोअर चालू ठेवून एवढं मोजलं असतं तर पैसे देण्याआधीच कळलं असतं.

मग मोटर काढली. काळ्या रंगाखाली बोटाला एक ओरखडा जाणवला. पूर्वी उंदराचं घरटं काढायला मोटर उतरवली होती, तेव्हा ती परत त्याच कोनात बसावी म्हणून बॉडीवर मी खिळ्याने रेघ ओढली होती. रंग खरवडला तर तीच रेघ, त्याच जागी. बुशमध्ये तेल सोडून, वरून स्प्रे मारून, माझीच मोटर मला नवी म्हणून विकली होती.

सगळे तुकडे घेऊन मी त्याच्याकडे गेलो. "जुन्या गाडीत असं होतंच," हे त्याचं उत्तर. रेघ दाखवल्यावर तो गप्प झाला. स्विचचे पैसे परत केले, मोटरचे नाहीत, आणि बिलावर नुसतं "इलेक्ट्रिक काम" लिहिलेलं असल्यामुळे मला पुढे काही करता आलं नाही. प्रत्येक पार्ट वेगळा लिहून घेतलेलं बिल हातात असतं, तर बोलणं वेगळं झालं असतं.

आता डक्टमध्ये योग्य रेझिस्टन्स आहे, फुल स्पीड खऱ्या रिलेवर, सप्लायला अडीच चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळ पंधराचा फ्यूज, आणि स्विचचा सप्लाय इग्निशनवरून. मोटरवर १३.३ व्होल्ट मिळतात. मोटर तीच जुनी आहे आणि छान चालते. तिच्यावरची रेघ ठेवली आहे. गाडी कुणाच्या हाती देण्याआधी आता प्रत्येक पार्टवर तशीच रेघ ओढून फोटो काढून ठेवतो.