तपकीर गल्लीतील दिव्यांचे दुकान आणि आमच्या घरातील अठरा महिने

पुण्यात सिंहगड रस्त्यावरील आमच्या घराचे बांधकाम १९९४ सालचे आहे, आणि तेव्हापासून प्रत्येक खोलीत एक चार फुटी ट्यूबलाइट, एक पंखा आणि दारावर एक बल्ब एवढीच व्यवस्था होती. दीड वर्षापूर्वी दिवाळीच्या आधी घराला रंग दिला, त्या निमित्ताने सगळे दिवे बदलायचे ठरवले. दिव्यांची खरेदी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत केली आणि दिवे बसवण्याचे काम आमच्या सोसायटीत नेहमी येणाऱ्या वायरमनने केले. दुकानाचे नाव येथे लिहीत नाही, कारण पुढे त्याच्याविषयी एक तक्रारही सांगायची आहे. शिवाय त्या गल्लीत शेजारशेजारच्या दुकानांत माल बहुतेक तोच असतो, आणि फरक पडतो तो काउंटरमागच्या माणसामुळे.

तपकीर गल्लीत जाण्यापूर्वी आम्ही एका मोठ्या वातानुकूलित दालनात जाऊन आलो होतो. तेथे छतावर, भिंतींवर आणि काचेच्या कपाटांत मिळून दीडदोनशे दिवे एकाच वेळी पेटलेले होते आणि त्या लखलखाटात कोणताही दिवा वाईट दिसत नव्हता. ब्लाउजपीस जुळवताना आपण साडी दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहतो, कारण दुकानातल्या उजेडावर आपला विश्वास नसतो; मग दिवाच विकत घ्यायचा असताना तो दुकानातल्या उजेडात पारखून कसे चालेल, हा प्रश्न मला तेथे पडला. तेथील विक्रेत्याने खोलीची लांबीरुंदीही न विचारता थेट झुंबरे दाखवायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही चहा घेऊन निघालो.

तपकीर गल्लीतले दुकान जेमतेम दहा फूट रुंदीचे आहे. गाडी लावायला जागा मिळणे जवळजवळ अशक्य असल्याने मेट्रोने मंडईला उतरून चालत जावे, हे उत्तम. काउंटरवरच्या काकांनी मला प्रथम विचारले, ‘‘ताई, त्या खोलीत बसून काय करता तुम्ही?’’ त्यानंतर छताची उंची, भिंतींचा रंग, पीओपीचे छत करणार आहात की नाही, आणि दिव्याच्या पॉइंटला अर्थिंगची तार आहे का, हे प्रश्न आले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, तेव्हा त्यांनी त्या दिवशी काहीही न विकता वायरमनला विचारून येण्यास सांगितले. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभे असताना त्याला परत पाठवणारा दुकानदार मी प्रथमच पाहिला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पंधराशे रुपये अनामत घेऊन, १५ वॅटचे एकाच आकाराचे तीन पॅनेल लाइट दोन दिवसांसाठी घरी नेऊ दिले: एक ३,००० केल्विनचा, एक ४,००० चा आणि एक ६,५०० चा. केल्विन हा आकडा उजेडाची छटा सांगतो. तो जितका कमी तितका उजेड पिवळसर, आणि जितका जास्त तितका निळसर पांढरा. खोक्यावर यांनाच वॉर्म, न्यूट्रल आणि कूल असे म्हटलेले असते. उजेड किती पडणार हे मात्र ल्युमेन या वेगळ्या आकड्यावरून कळते, आणि चांगल्या एलईडीत दर वॅटला साधारण शंभर ल्युमेन मिळतात. वॅट पाहून दिवा घेण्याची आपली सवय पिवळ्या बल्बच्या काळातली आहे, ती आता उपयोगाची नाही.

रात्री हॉलमध्ये मुलाला स्टुलावर उभे करून तिन्ही पॅनेल आलटून पालटून छताजवळ धरले. सासूबाईंनी ६,५०० ला लगेच मत दिले. ट्यूबलाइटच्या उजेडात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला पांढरा उजेड म्हणजेच भरपूर उजेड वाटतो आणि पिवळा म्हणजे व्होल्टेज कमी असल्यासारखा. अर्ध्या तासाने त्याच म्हणाल्या, ‘‘दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतंय गं.’’ त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असून झगझगीत पांढरा उजेड समोरून आला की त्यांना त्रास होतो. शेवटी हॉलला आणि झोपण्याच्या खोल्यांना ३,०००, तर स्वयंपाकघर व अभ्यासाच्या टेबलाला ४,००० असे ठरले. अठरा महिन्यांनंतरही हा निर्णय बदलावासा वाटलेला नाही.

स्वयंपाकघराची निवड आणखी एका आकड्यावर झाली, आणि तो आकडा बहुतेक गिऱ्हाइके पाहत नाहीत असे काकांचे म्हणणे. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे ते माप असून त्याला सीआरआय म्हणतात; पूर्ण गुण १००, घरगुती दिव्यांत साधारण ८० असतात आणि थोडे अधिक पैसे दिल्यास ९० मिळतात. काकांनी ड्रॉवरमधून अबोली आणि केशरी अशा दोन दोऱ्यांची रिळे काढून आधी कसलाही आकडा न छापलेल्या एका स्वस्त पॅनेलखाली धरली, मग ९० सीआरआयच्या एलईडी पट्टीखाली. पहिल्या दिव्याखाली दोन्ही रिळे सारखीच मळकट नारिंगी दिसली आणि दुसऱ्याखाली त्यांतला फरक उठून दिसला. कोथिंबीर शिळी आहे की ताजी, खोबरे लालसर भाजले गेले की करपायला लागले, हे ज्या ओट्यावर रोज ठरवायचे त्या ओट्यावर नव्वदचीच पट्टी हवी, हे मला तेथेच पटले. २० वॅटची एक पट्टी छताजवळ आणि १० वॅटची दुसरी ओट्यावरच्या कपाटाच्या बुडाशी अशी मांडणी केली आहे. यांतली दुसरी अधिक महत्त्वाची ठरली, कारण ओट्याशी उभे राहिल्यावर मागच्या दिव्याने आपलीच सावली पोळपाटावर पडत असे, ती आता पडत नाही.

न्हाणीघर आणि गॅलरी यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. खोक्यावरच्या आयपी या अक्षरांपुढील दोन आकड्यांपैकी दुसरा पाण्याविषयीचा असतो. न्हाणीघरात आरशावर आयपी ४४ आणि पश्चिमेचा पाऊस थेट अंगावर घेणाऱ्या गॅलरीत आयपी ६५ चा दिवा घेतला, आणि दोन्ही व्यवस्थित चालू आहेत. जेवणाच्या टेबलावरचा लोंबता दिवा मात्र पाहून घ्यावा लागला. दिसायला सुंदर असे बरेच लोंबते दिवे आट्यांच्या होल्डरचे असतात आणि आपल्याकडे घरोघरी बल्ब असतात ते पिनांच्या होल्डरचे. २०१५ साली सुरू झालेल्या सरकारी उजाला योजनेतले ९ वॅटचे दोन बल्ब आमच्याकडे अजून धडधाकट होते, म्हणून मी पिनांचाच होल्डर मागितला. त्यासाठी नक्षीची थोडी तडजोड करावी लागली. टेबलाच्या पृष्ठभागापासून अडीच फूट उंचीवर तो टांगला आहे. त्याहून वर गेला की बल्ब डोळ्यांत येतो आणि खाली आला की समोरच्या माणसाचा चेहरा झाकला जातो.

आता बसवण्याच्या कामाविषयी. वायरमनदादांनी पहिल्या दिवशी एकही दिवा न लावता फक्त टेस्टर घेऊन घर तपासले. आमच्या झोपण्याच्या खोलीत बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब काजव्यासारखा मिणमिणत राहत असे आणि आम्ही तो बल्बचाच दोष समजत होतो. दादांनी बटण बंद करून बल्ब काढला आणि होल्डरच्या टोकाला टेस्टर लावला, तर तो लख्ख पेटला. मूळ वायरिंग करणाऱ्याने फेजची, म्हणजे वीज आणणारी, तार थेट दिव्याला जोडून बटणात न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, घातली होती, म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज खेळत होती. तीस वर्षे आम्ही त्या होल्डरमधले बल्ब बटण बंद करून निर्धास्तपणे बदलत आलो होतो! अशा आणखी दोन जागा सापडल्या आणि तिन्हींची जोडणी त्यांनी बदलून दिली. बल्बचे मिणमिणणेही त्याच दिवशी थांबले.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. जुन्या घरांत अर्थिंगची हिरवी तार प्लगपर्यंत आलेली असते, पण दिव्याच्या पॉइंटला दोनच तारा असतात, आणि आमच्याकडेही तसेच निघाले. धातूच्या अंगाचा दिवा अर्थिंगशिवाय लावणे धोक्याचे आहे, कारण आतली तार सुटून अंगाला टेकली तर पूर्ण दिव्यात वीज उतरते. काकांचा पहिल्या दिवसाचा प्रश्न यासाठी होता. नवीन तार ओढायची तर रंगकाम झालेल्या भिंतीवर तार झाकणारी केसिंग पट्टी चालवावी लागली असती, म्हणून ज्यांच्या पाठीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, असे दुहेरी इन्सुलेशनचे दिवे आम्ही निवडले. त्यांना अर्थिंगची गरज नसते. ही खूण दालनातल्या विक्रेत्याला दाखवली असती तर त्याला ती कंपनीचे चिन्ह वाटली असती, अशी माझी नम्र शंका आहे.

स्लॅबमध्ये स्क्रू बसवायच्या गिट्ट्यांसाठी भोके पाडताना दादांनी मुख्य एमसीबी, म्हणजे घराची वीज तोडणारे बटण, बंद करून ड्रिलला जिन्यातल्या प्लगमधून वीज घेतली, आणि आतून पाइप कोणत्या बाजूने गेला असेल याचा अंदाज घेऊन त्या रेषेवर एकही भोक घेतले नाही. तारांना पीळ देऊन वर टेप गुंडाळण्याऐवजी त्यांनी प्रत्येक जोड कनेक्टरमध्ये घट्ट केला. एका पॉइंटचे त्यांनी दोनशे रुपये घेतले. आमच्या भागात याहून स्वस्तात काम करणारे मिळतात, पण तेवढे तपासणारे मिळतील असे नाही.

या सगळ्या काळजीनंतरही एक मोठी चूक झाली आणि तीत दुकानदार, वायरमन व मी असे तिघेही सामील आहोत. हॉलच्या छतावर चार पॅनेल लावले, ते पंख्याच्या मध्यापासून चारी बाजूंना दीड फुटावर. पंख्याचा फेर चार फुटांचा असतो, म्हणजे त्याची पाती मध्यापासून दोन फुटांपर्यंत पोहोचतात, हा साधा हिशेब कोणीही केला नाही. पहिल्या रात्री पंखा सुरू करताच संपूर्ण हॉल लपलपू लागला. पाती दिव्याखालून जात आणि फरशीवर, भिंतीवर, वर्तमानपत्रावर सावल्यांची नुसती धावपळ चाले. पाहुणे म्हणून आलेल्या नणंदेने दहा मिनिटांत पंखा तरी बंद करा नाहीतर दिवे तरी, असे निक्षून सांगितले. चारही पॅनेल काढून कोपऱ्यांकडे, पंख्याच्या मध्यापासून पाच फुटांवर न्यावे लागले. आठ भोके बुजवून रंगाचा हात पुन्हा मारावा लागला, त्याचा खर्च अडीच हजार. खोलीविषयी एवढे प्रश्न विचारणाऱ्या काकांनी पंख्याविषयी एकही विचारला नव्हता, हे मी त्यांना नंतर सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

दुकानाविषयीची खरी तक्रार मात्र वेगळी आहे. बिल आम्ही १८ टक्के जीएसटी भरून पक्के घेतले होते आणि त्यावर दोन वर्षांच्या वॉरंटीचा शिक्का होता. नवव्या महिन्यात, ऐन जुलैत, हॉलमधला एक पॅनेल लुकलुकून बंद पडला, तो त्यांनी लगेच बदलून दिला. पंधरा दिवसांनी दुसरा गेला तेव्हा मात्र कंपनीचा माणूस येईल, मग माल येईल, मग खोके आणा, असे करत तीन फेऱ्या आणि पाच आठवडे लावले. विक्रीच्या वेळी दिसलेला जिव्हाळा वॉरंटीच्या वेळी काउंटरवरच्या पोऱ्यावर सोपवलेला होता. त्यातच बदलून मिळालेले दोन्ही पॅनेल नव्या खेपेतले निघाले. खोक्यावर ३,००० केल्विन छापलेले असूनही त्यांचा उजेड जुन्यांपेक्षा जाणवण्याइतका पांढरा आहे, त्यामुळे चार कोपऱ्यांपैकी दोन पिवळे आणि दोन फिके, असा हॉल दिसू लागला.

त्यावरचा उपाय वायरमनदादांनी काढला. अशा पॅनेलमध्ये बहुतेक वेळा दिवे शाबूत असतात आणि जातो तो त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर, म्हणजे तारेला लोंबणारी काडेपेटीएवढी पांढरी डबी. पहिला बंद पॅनेल बदलून घेताना दुकानात जमा केला होता, तो सुदैवाने मागच्या खोलीत तसाच पडलेला होता. दुसरा माझ्याकडे होता. दोन्हींना मूळ ड्रायव्हरवर छापलेल्या मिलिअँपिअरच्या आकड्याशी जुळणारे नवे ड्रायव्हर जोडले, प्रत्येकी एकशे वीस रुपयांना, आणि दोन्ही पूर्ववत उजळले. नवे फिके पॅनेल एक बोळात आणि एक माळ्याच्या तोंडाशी लावले. ड्रायव्हर ज्यात वेगळा निघत नाही असा बंदिस्त दिवा, किंमत कितीही कमी असली तरी, मी आता घेणार नाही.

दुकानाला निवडीच्या मदतीसाठी पैकीच्या पैकी आणि विक्रीनंतरच्या वागणुकीसाठी काठावर पास, असे गुण मी देईन. नमुने घरी नेऊ देणारे दुकान म्हणून पुढच्या खरेदीला मी पुन्हा तेथेच जाईन, फक्त एकाच खेपेतले दोन पॅनेल आणि तेवढेच ड्रायव्हर पहिल्याच दिवशी जास्तीचे मागून घेईन. सध्या दोन सुटे ड्रायव्हर, खोक्यांची कापून ठेवलेली झाकणे आणि झेरॉक्स काढलेले बिल, कारण मूळ बिलाची शाई सहा महिन्यांतच उडाली, असे सगळे एका स्टीलच्या डब्यात माळ्यावर ठेवले आहे, आणि डबा शोधायला तेथे दिवाही आहे.